मेघखान्याने अवघ्या राज्यास राजधानीची वाट दाखविली त्याची बखर

श्री.

आकाशास नमस्कार, आकाशापलीकडे जे आहे त्यासही नमस्कार, आणि वर ठेविलेले वेळेस खाली उतरो ऐसी प्रार्थना करून लेखनास आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, ज्येष्ठ मासी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव विचारू नये. राज्यकर्त्यांनी सांगो दिले नाही, आणि नावावाचून हकीकतीस बाध येत नाही.

त्या राज्यास सात परगणे. पैकी एक राजधानीचा कसबा परगणा, बाकी सहा दूर. त्यांतही सावळघाट परगणा थेट डोंगरमाथ्यावर, राजधानीहून चाळीस कोस, जीपगाडीने गेले तरी निम्मा दिवस मोडे. पेरणीचे दिवसांत सापांचा उपद्रव बहुत, आणि माणूस साप चावून मरत नसे इतके वाटेत मरे. कारण सर्पविषावरील लस कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे हे कोणास ठाऊक नसे आणि लोक या दाराहून त्या दारी फिरत. मग दिवाण येसाजीराव यांनी मसलत केली आणि मेघखान्यास आज्ञा दिली की, ज्यास साप चावेल त्याच्या माणसाने मोबाइलावरून परगणा आणि गाव एवढे दोन शब्द लिहून धाडावे, आणि ज्या जवळच्या दवाखान्यात आज लस आहे त्याचे नाव त्यास पळभरात कळावे. आता मेघखाना म्हणजे काय, हे पुढील पिढीकरिता येथे लिहिले पाहिजे. पूर्वी राज्याच्या पदरी सर्व्हर नावाची यंत्रे असत, ती आठ प्रहर जागी ठेवावी लागत, गार हवेत बसवावी लागत, आणि काम असो नसो, त्यांच्या तैनातीस माणसे लागत. मग परमुलखातील लोकांनी नवी रीत काढली, तीस क्लाउड म्हणजे मेघ म्हणतात. तेथे यंत्र आपले नाही आणि कोठडीही आपली नाही. आपण फक्त काम कसे करावे हे जावास्क्रिप्ट भाषेत लिहावे, त्या लिहिण्यास फंक्शन म्हणावे, त्याचे गाठोडे बांधावे आणि वर चढवून द्यावे. मग कोणाची हाक आली की मेघवाला कोठली तरी कोरी कोठडी उघडतो, गाठोडे तीत सोडतो, फंक्शन जागे होते, उत्तर देते, आणि मग काही वेळ हाक आली नाही की मेघवाला ती कोठडी मोडून टाकतो. ऐसी फंक्शने लिहिणाऱ्यांचा कारखाना तो मेघखाना, आणि त्याचे दरोगे बाळोजी नाईक.

त्या मेघखान्यात सगुणाबाई खराडे नावाच्या लेखनिक होत्या. वय चौतीस, बोलणे थोडे, आणि स्वभाव ऐसा की काही बिघडले असता इतर जण कपाळास हात लावीत आणि बाईंचे डोळे चमकत. सर्पदंशाचे फंक्शन त्यांनीच लिहिले. कसबा परगण्याची गावे आणि दवाखाने यांची यादी प्रथम तयार जाहली, ती त्यांनी फंक्शनाच्या आरंभीच नावानिशी गुंफली. आणि बाकी सहा परगण्यांच्या याद्या मागाहून आल्या, त्यांच्या सहा फाइली करून शेजारी ठेविल्या आणि लिहिले की, ज्या परगण्याची हाक येईल त्या नावाची फाइल त्या वेळी शोधून उघडावी. दरोग्यांनी ते लेखन वाचिले आणि आपल्या हाताने एक ओळ वाढविली की, यादी न मिळाल्यास राजधानीचे थोरले रुग्णालय सांगावे, कोणीही उत्तरावाचून राहू नये. हेतू चांगला होता. मग बाईंनी आपल्या लॅपटॉपवर सातही परगण्यांची गावे घालून पाहिली, सातही उत्तरे बरोबर आली, आणि गाठोडे बांधून मेघात चढविले. आणि दिवाणसाहेब ऐसे हर्षित जाहले की त्यांनी ज्येष्ठी पौर्णिमेस दरबार भरवून सात परगण्यांचे पाटील बोलावण्याचे ठरविले, आणि तोवर मेघास कोणी हात लावू नये ऐसा हुकूम सोडिला. कारण चालत्या गाडीची खीळ काढू नये.

फंक्शन चालू होऊन अकरा दिवस जाहले तों सावळघाटाहून मेघखान्यात फोन आला. सगुणाबाईंनी उचलिला. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला की, "मी सावळघाटच्या दवाखान्यातली डॉक्टर देवकाबाई उघडे. तुमच्या त्या मोबाइलात बसून उत्तरे देणारा कोण आहे, त्याला जरा बोलवा." सगुणाबाई म्हणाल्या, "तो मनुष्य नाही, फंक्शन आहे. मीच लिहिले. काय जाहले?" देवकाबाई बोलिल्या, "मग तुम्हीच ऐका. आज सकाळी करंजविहिरीची ठकूबाई नावाची बाई, शेतात घोणस चावली, तिच्या दिराने तुम्हाला विचारले, आणि तुमचे उत्तर आले राजधानीचे थोरले रुग्णालय. जीप माझ्या दवाखान्याच्या दारावरून चालली होती. मी अंगणात उभी होते म्हणून तिचा सुजलेला पाय पाहिला आणि गाडीपुढे आडवी झाले. माझ्या फ्रिजमध्ये लस भरलेली आहे, आणि माझ्या दारावरून तुम्ही माणसे चाळीस कोस धाडता?" सगुणाबाईंनी विचारिले, "त्या बाई कशा आहेत?" उत्तर आले, "जगेल. पण मी रोज अंगणात उभी नसते." आणि फोन ठेविला.

सगुणाबाईंनी तत्काळ लॅपटॉप उघडिला आणि सावळघाट, करंजविहीर ऐसे लिहिले, तों उत्तर आले: सावळघाट दवाखाना, लस आहे. मग तेच दोन शब्द मोबाइलावरून मेघास धाडिले, तों उत्तर आले: थोरले रुग्णालय, राजधानी. बाईंनी दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. प्रश्न एक, लिहिणे एक, लिहिणारी एक, आणि उत्तरे दोन! भीती होतीच, पण त्या भीतीखाली दुसरे काही हलू लागले, आणि ते काय हे बाई ओळखून होत्या. ती जिज्ञासा होती, आणि अशा समयी ती वाटावी याची त्यांस थोडी लाजही वाटली. मग सातही परगण्यांची गावे एकेक करून मेघास विचारिली. कसब्याची उत्तरे बरोबर आली आणि बाकी सहाही परगण्यांस थोरले रुग्णालय, थोरले रुग्णालय, ऐसे सहा वेळ आले. मेघाचा रोजनामा, ज्यात आलेली हाक आणि फंक्शनाची चूक लिहिली जाते, तो काढून पाहिला तर त्यात एकही चूक नाही. फंक्शन अकरा दिवस निवांत, सभ्यपणे खोटे बोलत होते.

मग बाई दरोग्यांकडे गेल्या आणि सर्व निवेदन केले. बाळोजी नाईक वृद्ध, अनुभवी, मनाने वाईट नव्हेत, परंतु त्यांनीही आपले यंत्र उघडिले, गाव घातले, आणि बरोबर उत्तर पाहून म्हणाले, "बाई, माझ्या यंत्रावर तर चालते." बाई म्हणाल्या, "माझ्याही चालते. म्हणूनच विचारते की वर गेल्यावर काय होते?" दरोगे म्हणाले, "हुकूम आहे. पौर्णिमा चार दिवसांवर आहे. कारण दाखवा, मग दिवाणसाहेबांपाशी जाऊ. कारणावाचून मेघास हात लावला तर मला कोठे तोंड दाखवावे?" बाईंनी गाठोडे सोडून आत पाहू म्हटले, तर आत पाहण्याजोगे काही नव्हते. बांधणी करणारा प्रोग्राम ऐसा की गाठोडे हलके व्हावे म्हणोन सर्व लिहिणे चेंगरून एका ओळीत घालतो आणि नावे कापून अ, ब, क करून टाकतो. त्यात शोधणे म्हणजे कणकेच्या गोळ्यात मीठ शोधण्यासारिखे. बाईंनी ते गाठोडे आपल्या लॅपटॉपवर, जेथे बांधिले तेथेच, चालवून पाहिले. उत्तर बरोबर! म्हणजे गाठोडेही खोटे नाही! मग बाईंस राहवेना. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि दुसरे दिवशी सकाळच्या जीपने सावळघाटास निघाल्या. कारण जेथे चूक लागते तेथे उभे राहून पाहिल्यावाचून त्यांचे मन शांत होत नसे.

सावळघाटास पोहोचता दुपार जाहली. देवकाबाई पन्नाशीच्या, उंच, कपाळी गोंदण, पायात रबरी बूट. ठकूबाई खाटेवर होती, पाय उशीवर, आणि तिचा दीर तिला पेज भरवीत होता. सगुणाबाईंनी तिजपाशी बसून आपले नाव सांगितले आणि चूक आपली आहे हेही सांगितले. ठकूबाईने त्यांजकडे पाहिले आणि म्हणाली, "चूक व्हतीय बाय. पन मला सांगा, ती का झाली?" सगुणाबाई म्हणाल्या, "तेच शोधायला आले." आणि बाईंनी दवाखान्याच्या ओट्यावर लॅपटॉप मांडिला आणि देवकाबाईंस दोन्ही उत्तरे करून दाखविली, एक घरचे आणि एक मेघाचे. देवकाबाई निरखून पाहत होत्या. तेवढ्यात वरच्या पाड्याहून बाळंतिणीचा निरोप आला, आणि त्या भिंतीवरची पिशवी काढून तीत हातमोजे, नाळेचा चिमटा, सुया, टाके ऐसे एकेक नाव घेत भरू लागल्या. सगुणाबाईंनी विचारिले, "प्रत्येक वेळी मोजून घेता?" देवकाबाई म्हणाल्या, "घ्यावेच लागते. इथे दवाखान्यात हात मागे केला की कपाटातून वस्तू मिळते, म्हणून वाटते की आपल्यापाशी सगळे आहे. पाड्यावर गेले की पिशवीत जे आहे तेच माझे. कपाट काय माझ्या मागे चालत येते?" आणि निघोन गेल्या.

सगुणाबाई ओट्यावर तशाच बसल्या. मग एकाएकी सरळ जाहल्या आणि त्यांनी लॅपटॉपच्या पोटात एक कोरी कोठडी उभी केली, जैसी मेघवाला उघडतो तैसी. तीत जावास्क्रिप्ट चालविणारा एक प्रोग्राम, आणि दुसरे काही नाही, भिंती पांढऱ्या. मग बांधलेले गाठोडे तेवढे उचलून त्या कोठडीत ठेविले आणि बाहेरचे दार लावून घेतले. आणि लिहिले, सावळघाट, करंजविहीर. उत्तर आले: थोरले रुग्णालय, राजधानी. बाई मोठ्याने हसल्या, आणि ठकूबाईचा दीर दचकून बाहेर आला. बाई त्यास म्हणाल्या, "सापडले! घरानेच घात केला!" त्यास काही उमगले नाही, मग बाईंनी त्यास बसवून सांगितले की, "असे पाहा, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी भरायची. ज्यांची नावे यादीत लिहिली ते गाडीत बसले. पण यादीत एके ठिकाणी लिहिले की, त्या गावी पोहोचल्यावर ज्या मामाची गरज लागेल त्यास हाक मारावी. आता गाडी भरणाऱ्यास काय कळावे की कोणत्या मामास घ्यायचे? त्याने एकासही घेतले नाही. आमच्या बांधणाऱ्या प्रोग्रामाने तेच केले. कसब्याची यादी नावानिशी गुंफली होती, ती त्याने घेतली. बाकी सहा याद्यांचे नाव हाक आल्यावर तयार होणार, ते त्यास आधी कसे दिसावे? म्हणून त्या माझ्या घरीच राहिल्या. आणि मी घरी बसून विचारले की हाक मारताच शेजारच्या खोलीतून सहाही मामा हजर!" दीर म्हणाला, "आनि वर कोनीच नाही." बाई म्हणाल्या, "वर कोणीच नाही."

मग बाई पौर्णिमेच्या आदल्या दिवशी राजधानीस परतल्या आणि दरोग्यांसह दिवाणखान्यात गेल्या. दिवाण येसाजीराव मंडपाचा नकाशा पाहत होते. सर्व ऐकून म्हणाले, "परंतु यात बिघडले काय? सर्वांस राजधानीचे थोरले रुग्णालय दाखवितो, म्हणजे राजधानीचा लौकिकच वाढतो. थोरल्या रुग्णालयात लस नाही काय?" सगुणाबाई म्हणाल्या, "आहे, साहेब. साहेबांची सासुरवाडी कोठली?" दिवाण म्हणाले, "सावळघाटात, कुसरवाडी." बाईंनी लॅपटॉपवर कुसरवाडी घातले आणि दाखविले, सावळघाट दवाखाना, दोन कोस, मग मोबाइलावर घालून दाखविले, राजधानी, चाळीस कोस. दिवाणसाहेबांची मुद्रा पालटली. म्हणाले, "माझे श्वशुर ऐंशीचे आहेत आणि ऐकत नाहीत, अनवाणी शेतात जातात." मग लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले, "हे तुमचे यंत्र खरे बोलते, तर हेच लोकांस जोडून द्या, मेघ कशास?" बाई म्हणाल्या, "साहेब, हे एकटे आहे आणि मी झाकण लावले की झोपते. राज्याची हाक वरच ऐकू येते. वर काय न्यायचे ते मात्र आपण पाहिले पाहिजे." आणि कोरी कोठडी उघडून तीत गाठोडे ठेविले आणि सर्वांसमक्ष सहा परगणे विचारिले, आणि सहा वेळ राजधानी आली. मग बाळोजी नाईक पुढे जाहले आणि म्हणाले, "दिवाणसाहेब, याद्या बाईंच्या राहिल्या, परंतु ते लपविले मी. यादी न मिळाल्यास राजधानी सांगावी, ही ओळ माझी. ती नसती तर पहिल्याच दिवशी फंक्शन ओरडले असते. माझे मनात होते की काहीच न सांगण्याहून काहीतरी सांगितलेले बरे." दिवाणांनी विचारिले, "मग नाही काय?" बाळोजी म्हणाले, "वाट विचारणारास नव्हे, साहेब." ते इतक्या हळू बोलिले की दिवाणांस पुन्हा विचारावे लागले.

हुकूम तत्क्षणी मागे घेतला गेला. बाईंनी बांधणाऱ्या प्रोग्रामास सहाही याद्यांची नावे स्पष्ट लिहून दिली आणि गाठोडे नव्याने बांधिले. दरोग्यांनी आपली ओळ स्वहस्ते खोडिली आणि तेथे लिहिले की, यादी न मिळाल्यास तसे सांगावे, मेघखान्याच्या पहाऱ्यावरील माणसाचा फोन नंबर द्यावा, आणि रोजनाम्यात मोठ्याने नोंद करावी. मग गाठोडे कोऱ्या कोठडीत घालून सातही परगणे तपासिले. दरोगे गावांची नावे वाचीत आणि बाई उत्तरे पाहत. दरोगे घाईने वाचू लागले की बाई म्हणत, "सावकाश, नाईक," आणि ते पुन्हा वाचीत. आणि सायंकाळच्या आत गाठोडे मेघात चढविले. पौर्णिमेचा दरबार जाहला, पाटील आले, भाषणे जाहली. परंतु सगुणाबाई तेथे नव्हत्या. त्या मेघखान्यात बसून रोजनाम्यातून, उत्तरे चुकीची जात होती त्या दिवसांतील सहा परगण्यांच्या हाका काढीत होत्या. हाका एकोणीस निघाल्या. एकोणीस माणसांस चुकीची वाट सांगितली गेली होती, आणि त्यांचे पुढे काय जाहले हे कोणी विचारिले नव्हते.

बाईंनी एकेक नंबर लाविला. ठकूबाई पहिली, ती घरी गेली होती. कोणास गावच्या नर्सने परस्पर जवळच्या दवाखान्यात नेले होते, कोणास बिनविषारी जनावर चावले होते, कोणी खरोखर चाळीस कोस गेला आणि दोन बोटे गमावून परत आला, तो फोनावर रागेही भरला नाही, फक्त म्हणाला, "मला वाटलं तुमचंच बरोबर." त्या शब्दांनी बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. अठरा जण सापडले. एकोणिसावा नंबर लागेना. दांडवळ गाव, नंबर नवसू गभाले याच्या नावाचा. दरोगे म्हणाले, "डोंगरात रेंज नसेल." बाई म्हणाल्या, "असेल. पण मला कळले पाहिजे." आणि पुन्हा जीपने निघाल्या, आणि जीप जेथे संपते तेथून दोन तास पायी चालून दांडवळास गेल्या.

नवसू गभाले उंबऱ्यात बसून दोर वळीत होता, साठीचा, हाडापेराने बारीक. बाई त्याला पाहताच तेथेच दगडावर बसल्या. त्याने चूल पेटविली आणि कोरा चहा आणून दिला. बाईंनी विचारिले, "बाबा, तुम्हाला साप चावला तेव्हा तुम्ही आम्हाला विचारलेत. आम्ही राजधानी सांगितली. तुम्ही गेलात का?" नवसू म्हणाला, "न्हाई गेलो. तुमचं उत्तर वाचलं आनि हसू आलं. म्हनलं, ज्याला आमचं गाव कुठं हाय ते ठावं न्हाई, त्याला साप काय ठावं? मंग पाय बांधला, भिंतीला टेकलो आनि वाट पाह्यली. काय झालं न्हाई. बिनविषाची दिवड असंल." बाई म्हणाल्या, "आणि नाग असता तर?" नवसूने दोराचा पीळ पायाच्या अंगठ्यात धरून घट्ट ओढिला आणि म्हणाला, "तर तुम्हाला चा कुनी दिला असता, बाय?" सगुणाबाईंनी त्याच्याकडून आसपासच्या पाड्यांची नावे विचारून घेतली, जी कोणत्याच यादीत नव्हती, ती अकरा निघाली, आणि तो सांगत गेला आणि त्या लिहीत गेल्या.

ऐसे वर्तमान त्या ज्येष्ठात जाहले. सातही परगणे मेघात पोहोचले, अकरा पाडे नव्याने यादीत चढले, दोन बोटांखेरीज कोणाचे काही गेले नाही, आणि बाळोजी नाईक दरोगे आपल्या पदावर कायम आहेत, परंतु कोणाचेही लिहिणे वाचताना आता ओळ वाढविण्यापूर्वी विचारतात. लिहिणाराने यातील काही पाहून आणि काही ऐकून लिहिले. ज्यास शंका असेल त्याने सावळघाटास जाऊन विचारावे. जीप दिवसातून दोन वेळ सुटते.